वाढत्या अंगाचं

५ ऑक्टोबर, रविवार

कपाट आवरलं. तनूचं गेल्या वर्षीचं जॅकेट निघालं. घालून बघ म्हटलं. बाह्या मनगटाच्या चांगल्या चार बोटं वर. चेन लागली, पण श्वास रोखून. "होतंय मला," म्हणाली आणि श्वास सोडला, तशी चेन खालून उसवली. मी हसले. ती नाही हसली.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लग्न होऊन या घरात आले. स्वयंपाकघर अक्कांचं (सासूबाई), टीव्ही सु.चा (नवरा), आणि तनू... तनू कुणाचीच नाही. तिच्या सायकलची. सुट्टीत मिळाली तेव्हापासून शाळा, दुकान, गिरणी, सगळं सायकलवर. माझ्या ताब्यात एवढं कपाट आलंय. तर कपाटापासून सुरुवात.

नवीन जॅकेट आणते म्हटलं तर अक्का म्हणाल्या, "ते आजोळनं काम शे. आपन मझार पडानं नही."

म्हणजे मध्ये पडायचं नाही. आजोळ म्हणजे फैजपूरचे आबा. तनूच्या आईचे वडील. ती गेल्यापासून दर दिवाळीला तनूचं थंडीचं आबाच पाठवतात. त्यांचा मान आहे, ठीक. पण कपाट माझं आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आबांचा फोन. अक्कांना. त्या घराचे फोन अक्कांच्याच मोबाइलवर येतात. मी दुसरेपणाची, माझ्याशी ते काय बोलणार, आणि मी तरी काय.

माप हवंय त्यांना. टेप घेऊन गेले तर तनू भिंतीला पाठ लावून उभी. "शाळेच्या शर्टावरून घ्या ना काकू." रोज लॅबमध्ये ओरडणाऱ्या, लाथा मारणाऱ्या पोरांचे दंड धरून रक्त काढते मी. आणि घरातल्या एका पोरीच्या खांद्याला टेप लावता येत नाही!

शर्टावरून घेतलं. सु.ला सांगितलं, तो अक्कांना सांगेल, अक्का आबांना. या घरात सरळ कुणी कुणाशी बोलत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

जॅकेट आलं! केळीच्या गाडीवाल्याबरोबर, वेफरच्या पाकिटांसकट.

लाल. जाड. टोपीवालं. कापड चांगलं, शिलाई चांगली, चेन मजबूत. फक्त तनू त्यात दिसत नाही. खाली गुडघे झाकले, बाह्यांच्या आत हात कुठे आहेत ते चाचपून बघावं लागलं. टोपी घातली तर नाकापर्यंत.

सु. म्हणाला, "मस्त!" अक्का म्हणाल्या, "दोन वरीस दखानं काम नही." मी म्हटलं, अहो पण हे मोठं आहे. तर दोघं एकदम, "वाढतं अंग आहे!" जसं काही ती उद्या सकाळी उठून माझ्याएवढी होणार आहे.

आणि जिच्यासाठी भांडायचं ती आरशासमोर गोल फिरत होती. बाहीचा वास घेतला. "आबांच्या घराचा वास आहे," म्हणाली. मग मी वेफरचं पाकीट फोडलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

थंडी पडली. पहाटे पांझरा नदीवरून वारा येतो तो हाडात शिरतो. माहेरी जळगावला आम्ही थंडीची वाट बघायचो, भरीत करायला. धुळ्याची थंडी वाट बघण्यासारखी नाही.

तनूची शाळा सकाळची. जॅकेट घालून सायकलवर निघाली. मागून बघितलं तर लाल सिलिंडर पायडल मारत चाललाय. बाह्या दुमडून दिल्या होत्या मी, फाटकापाशी पोचेपर्यंत परत खाली. हाक मारली. ऐकू आलं नाही, टोपी कानावर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पडली.

पुलाच्या अलीकडच्या उताराला. शाळेतून फोन आला तेव्हा माझ्या हातात सुई होती. कशी गेले मला आठवत नाही. हनुवटी फुटलीय, दोन टाके. उजवा तळहात सोलवटलाय. जॅकेट कोपरावर फाटलं, आतला कापूस बाहेर. डॉक्टर टाके घालत होते तर रडली नाही. कोपर बघितलं आणि रडली.

काय झालं विचारलं. "कुत्रं आडवं आलं." एवढंच.

सु. ड्युटीवरून थेट आला. तोंड पांढरं पडलेलं. त्याला एकदा, तनूच्या आईच्या वेळी, दवाखान्यातून फोन आलेला आहे, त्यामुळे त्याला मी काही बोलले नाही. घरी आल्यावर त्याने सायकलला साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली खिशात. "सोमवारपासून रिक्षा."

तनू जेवली नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सापडलं!!

सकाळी लॅबमध्ये गर्दी. तापाची पोरं. एकाची बाही वर करायला गेले, ती वर करता करता नाकी नऊ. दुसरीची तशीच. तिसऱ्याचा हातच सापडेना. एका आईला म्हटलं, ताई एवढं मोठं का घेतलं? म्हणाली, "वाढतं अंग ना." चौथ्या पोराला म्हटलं, माझं बोट घट्ट धर. त्याने धरलं, पण हातात आली त्याची स्वतःचीच बाही. बोट मोकळंच.

तिथेच ट्यूब हातात घेऊन उभी राहिले. ब्रेक! कुत्रं-बित्रं काही नाही. उताराला ब्रेक दाबायला गेली आणि मुठीत बाही आली.

घरी आले. तनू जॅकेट घालूनच बसलेली (फाटक्या कोपराला अक्कांनी दोरा मारलाय). लाटणं आडवं धरलं तिच्यासमोर, म्हटलं हे हँडल. ब्रेक लाव. तिने बघितलं माझ्याकडे. हात पुढे केलाच नाही. मग हळूच, "आबांना सांगू नका."

म्हणजे हिला पहिल्यापासून माहीत होतं. सायकल गेली, तोंडातून शब्द काढला नाही, कारण आबांचं जॅकेट आहे.

मला इतका राग आला आणि इतकी माया आली, दोन्ही एकदम, की मी उगाच कणीक मळायला घेतली.

१७ तारीखच, पुढे

जेवताना चौकशी बसवली. हे माप एवढं वाढलं कुठे?

सु.: मी सांगितलेल्या मापात त्याने चार बोटं वाढवली. का? वाढतं अंग. अक्का: सु.ने सांगितलेल्यात त्यांनी एक वीत वाढवली. का? वाढतं अंग. आबांनी दुकानात एक नंबर मोठा मागितला असणार, अक्कांना खात्री आहे, "तो मानूस मोकया हातना शे." आणि दुकानदाराने वरून आणखी एक नंबर चढवला असेल, ते तर प्रत्येक दुकानदार चढवतोच.

मी हातात पोळी घेऊन न्यायाधीशासारखी सगळ्यांवर बरसत होते. तेवढ्यात तनू म्हणाली, "काकू, तुम्ही शर्टावरून किती वाढवलं?"

चार बोटं. वाढवली होती मी पण.

सगळे हसले. ती पण, हनुवटी धरून, टाके ओढतात म्हणून.

पण सायकल? सु. म्हणाला, "जॅकेट असो नाहीतर काही असो, मला पुन्हा तो फोन नको." किल्ली खिशातच.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस खराब. लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

रिक्षात पहिली-दुसरीची चिमुरडी, त्यांची दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, आणि मध्ये ही पाचवीतली, गुडघे पोटाशी घेऊन. उतरताना कुणाशी बोलत नाही. संध्याकाळी कुलूप लावलेल्या सायकलचं पायडल उलटं फिरवत बसते. उलटं फिरतं ना, साखळी असली तरी.

म्हणून मी दुपारी ती झोपली असताना जॅकेटच्या बाह्या आत दुमडून कच्चे टाके घातले. कापलं काहीच नाही. दोरा ओढला की मोकळं. वाटलं केवढी शहाणी मी.

उठली, बघितलं, आणि एकेक टाका दाताने तोडला. "आबांनी दिलंय. तुम्ही का हात लावला?" सु. घरात, अक्का घरात, सगळ्यांसमोर. अक्कांनी सुईदोरा उचलून डब्यात ठेवला, ते बोलण्यापेक्षा वाईट.

हात दाखवून अवलक्षण. तिला न विचारता शिवायला नको होतं. तिच्याकडे आजोळचं म्हणावं असं तेवढंच आहे, आणि मी सुई घेऊन बसले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज मी आबांना फोन केला. माझ्या मोबाइलवरून, सरळ. अक्कांच्या फोनमधून नंबर घेतला. लॅबच्या मागच्या जिन्यात उभी राहून.

म्हटलं, आबा, मी उज्ज्वला बोलतेय, धुळ्याहून.

"बोल पोरी," म्हणाले.

सांगितलं सगळं. जॅकेट मोठं झालंय, ब्रेकला बाही आली, पडली, टाके पडले, सायकल बंद आहे, आणि ती तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणाला बोलत नाही. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर परत सुरू झालं नसतं.

मग म्हणाले, "टाके पडले? मले कोनी सांगलंच नाही." कोपर फाटलं ते सांगितलं तर, "जाकीट गेलं खड्ड्यात. पोरीले किती लागलं ते सांग."

मग जे म्हणाले ते तसंच लिहिते. "मी दुकानात गेलो तं त्यानं इचारलं, पोरगी केवढी? मी हात धरला असा. मग वाटलं, नाही, वाढली असंन. मग आजून वर धरला. पोरगी केवढी झाली हेच मले माहीत नाही वं माय. हात वर वर जात गेला."



रविवारी जळगावला या म्हटलं. माझ्या भावाकडे. तनूला घेऊन येते. माप डोळ्यांनी घ्या. "येतो," म्हणाले. "तुह्या भावाले चालंन ना?" म्हटलं आबा, भरीत आहे.

जिंकले. अक्कांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तू परस्पर फोन कया?" म्हटलं हो, केला. त्यांनी पान लावलं, खाल्लं, आणि म्हणाल्या, "बरं कया." दोन शब्द! मी लिहून ठेवतेय.

३० नोव्हेंबर, रविवार. जळगावहून येऊन

आजच्या दिवसाला पानं पुरणार नाहीत.

एस.टी.त तनू लाल जॅकेट घालूनच. सीटवर आमच्या दोघींत मिळून तेच बसलं होतं.

आबा आधीच आलेले. भावाच्या ओट्यावर टोपी हातात घेऊन. तनू रिक्षातून उतरली आणि ते उठून उभे राहिले. तिच्याकडे बघितलं. मग हसायला लागले. म्हातारा असा हसला की धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागला. "माय वं! यात तं दोन मावतीन! हे म्या घेतलं? मी घेतलं हे?" टोपी मागे सारून तिचा चेहरा शोधला, तिला मिठीत घेतलं, हनुवटीवरचा वण बघितला आणि मग ते हसणं राहिलं नाही.

तनू म्हणाली, "आबा, चांगलं आहे. उबदार आहे."

"खोटं बोलतं माह्या पोरीचं पोर," म्हणाले. "पह्यलेपासून सांगाचं ना मले. म्या काय तुह्यावर रागावलो असतो?"

ती त्यांच्या छातीत काहीतरी पुटपुटली. ते मला ऐकू आलं नाही आणि ते बरंच झालं.

जेवणं झाली (वहिनीचं भरीत, आबांनी तीनदा घेतलं), मग मी शेजाऱ्यांची लहान सायकल मागितली. भाऊ म्हणे, बाजारात सायकल कशाला? म्हटलं, ट्रायलला.

दर हिवाळ्याला उत्तरेकडून येणारे स्वेटरवाले, त्यांची दुकानांची रांग. मी सायकल आत घेऊन गेले. लोक बघायला लागले. बघू देत. सायकल स्टँडवर लावली, तनूला सीटवर बसवलं आणि सांगितलं, जॅकेट घालायचं, हँडल धरायचं, ब्रेक दाबायचा, वळायचं, घंटी वाजवायची, हात दाखवायचा. उभं राहून कुणी शाळेत जात नाही.

पहिलं, निळं: उभी होती तेव्हा बरोबर, वाकून हँडल धरलं तर मनगटं उघडी. नापास. दुसरं: मनगट झाकलं, पण पाठ उघडी पडली, कमरेत वारा घुसेल. नापास. तिसरं: ब्रेकला बाही आली. आबा माझ्याआधी ओरडले, "काढ! काढ ते!" चौथं छान होतं, पण आत स्वेटर घातल्यावर काखेत धरत होतं. स्वेटरवाली बाई वैतागून म्हणाली, "दीदी, बढ़ती बच्ची है, एक नंबर बड़ा ले लो ना."

"नाही!!" आम्ही तिघं एकदम. शेजारच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

पाचवं हिरवं. बाटलीसारखं गडद. वाकली, पाठ झाकलेली. ब्रेक दाबला, कचकन लागला. बाही मनगटाच्या हाडाला येऊन थांबली, बोटं सगळी बाहेर. हात दाखवला, खांद्यात ओढ नाही. चेन लावून आत मी माझी मूठ घातली, बरोबर मावली, म्हणजे स्वेटरला जागा.

मूठ घातली. तिच्या छातीशी. ती भिंतीला पाठ लावून उभी नव्हती. मला हे नंतर, परत येताना एस.टी.त लक्षात आलं.

घंटी वाजवत बसली. थांबेचना.

पैसे कोण देणार यावरून माझी नि आबांची जी जुंपली! आजोळचं आहे म्हणून त्यांनी दिले. मी म्हटलं, बरं, पण पुढच्या वर्षी मीच. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी दोघं मिळून येऊ. मले माप पाह्याचं आहे दर वर्षी." मला म्हणाले हे. अक्कांना निरोप नाही, सु.ला नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

सु. म्हणतो, "एवढं नेमकं घेतलंस, पुढच्या वर्षी वाया."

म्हटलं, पुढच्या वर्षी पुढचं. थंडी या वर्षीची आहे.

लाल जॅकेट धुऊन ठेवलं. अक्का त्याच्या आजूबाजूला घुटमळतायत. "कापड चांगलं शे." "टाकी देवानं नही." "कोनले देवानं नही." ताकाला जायचं नि भांडं लपवायचं. शेवटी तनूच म्हणाली, "आजी, घालून बघा ना."

अक्का एवढ्याशा. लुगड्यावरून घातलं. खांदे बरोबर. बाह्या बरोबर. चेन बरोबर.

"माले काय थंडी लागस नही का?" म्हणाल्या, आणि काढलंच नाही. संध्याकाळी ते घालून मारुतीला गेल्या, मुद्दाम लांबच्या रस्त्याने. येऊन म्हणाल्या, "बठ्ठा धुयामा असं जाकीट कोनकडे शे का?" (म्हणजे अख्ख्या धुळ्यात.)

एकूण पाच जणांनी मिळून माप अक्कांचं काढलं होतं तर!

७ डिसेंबर, रविवार

सायकलची परीक्षा. मी तीन आठवडे सु.च्या मागे आहे, आज मानला. म्हणजे थकला.

गल्लीत स्वतः उभा राहिला परीक्षक होऊन. मध्येच आडवी बादली सरकवली. मध्येच स्वतः आडवा आला. ती हिरव्या जॅकेटात, दर वेळी कच्चकन ब्रेक. एकदा तर त्याच्या चपलेपासून वीतभर अंतरावर. त्याने पाच-सहा वेळा करायला लावलं. नंतर मला कळलं, तो परीक्षा घेत नव्हता, स्वतःला सवय लावत होता.

किल्ली खिशातून काढली. हातात धरून उभा. मी म्हटलं, द्या आता.

दिली! शाळेपर्यंतच, उताराला उतरून हातात धरून न्यायची, या अटी. तनूने किल्ली घेतली, साखळी काढली आणि पहिलं पायडल सुलटं मारलं. गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, आली. तिचं तोंड बघण्यासारखं होतं, आणि मी पोटभर बघितलं.

२३ डिसेंबर, मंगळवार

गारठा. लॅबमध्ये पोरांच्या शिरा सापडत नाहीत. आता मी प्रत्येक आईला सांगते, ताई, पोराला सायकलवर बसवून जॅकेट घ्या. सरांनी विचारलं, मॅडम, तुम्ही काउंटरवर काय विकताय?

सु. अजून रोज मोटरसायकलवरून तिच्या मागे मागे जातो, अंतर ठेवून. त्याला वाटतं तिला माहीत नाही. आज ती थांबली, वळली आणि ओरडली म्हणे, "बाबा, पुढे जा, धूर येतो!" तो पुढे गेला. मला सांगताना हसत होता. किती दिवसांनी.

११ जानेवारी, रविवार

जॅकेट धुतलं. वाळत घालताना तिच्या हाताशी लावून बघितलं. बाही अर्धं बोट वर गेलीय. कुणाला सांगितलं नाही. फक्त आबांना सांगितलं, फोनवर. "वाढली?" म्हणाले. "वाढली ना?" दोनदा विचारलं. शाळेत पहिला नंबर लागल्यासारखा आनंद झाला त्यांना. माझा पण आवाज चढलेला असणार, कारण अक्का आतून म्हणाल्या, हळू बोल, गल्ली उठी जाई.

थंडी अजून महिनाभर. पुरेल. पुरवू.

१९ जानेवारी, सोमवार

शाळेची सायकल फेरी आहे, येत्या एक फेब्रुवारीला, नकाणे तलावापर्यंत. तनूला जायचंय. घरात वादळ.

सु.: "शाळेपर्यंत म्हटलं होतं. तलाव शाळेत येतो का?" अक्का: नही. मी: का नाही? तिघांचा आवाज. तनू दारात उभी, एक पाय आत, एक बाहेर.

शाळेचा नियम आहे, पाचवीच्या पोरांबरोबर घरचं एक मोठं माणूस पाहिजे, तेही सायकलवर. सु.ची त्या दिवशी ड्युटी. तो म्हणाला, "बघ, माणूसच नाही. विषय संपला." आणि उठला, जिंकल्यासारखा.

"मी जाईन," मी म्हटलं.

का म्हटलं? तोंडातून गेलं. त्याच्या त्या उठण्याचा राग आला म्हणून गेलं. तो वळला, "तू?" म्हटलं, हो, मी. शेजारच्या वहिनींची सायकल आहे. तो म्हणाला, "बघू." त्याचं बघू म्हणजे निम्मं हो.

तनू पळत येऊन मला धडकली. धडकलीच, मिठी वगैरे नाही, डोकं पोटात, आणि गेली पळत वहिनींकडे सायकल सांगायला.

मी भाजी हलवत उभी राहिले. आता हे कुणाला सांगू, की मला सायकल येत नाही. कधीच आली नाही. जळगावच्या घरी एकच सायकल, ती भावाची.

२० जानेवारी, मंगळवार

तनूला सांगितलं. गच्चीवर, वाळलेले कपडे काढताना. दुसरं कोण होतं सांगायला.

ऐकून आधी तिला खरं वाटेना. "पण मग दुकानात? ब्रेक, वळणं, हात दाखवणं?" म्हटलं, ते सगळं तुला बघून बघून. रोज फाटकात उभी असते ना मी.

टॉवेल तोंडावर धरून हसली. खूप हसली. मला वाटलं आता खाली जाऊन सगळ्यांना सांगणार आणि सु. फेरीचं नाव काढू देणार नाही. मग हसणं थांबवून मला खालीवर बघितलं, गिऱ्हाईक बघतात तसं. साडीत जमणार नाही, पंजाबी ड्रेस घाल म्हणाली. ओढणी नको, चाकात जाते. सीट खाली करून घेऊ, पाय टेकले पाहिजेत तुझे.

"अकरा दिवसांत येईल का गं?"

"मला चार दिवसांत आली होती," म्हणाली. मग थोडा विचार करून, "तुला जरा जास्त लागतील. मी धरते ना मागून."

उद्या पहाटे शाळेमागचं ग्राउंड. अक्का लाल जॅकेट देतायत मला, कशाला ते न विचारता, म्हणजे त्यांना कळलंय बहुतेक. सु.ला अजून काही माहीत नाही. त्याला सांगू नको, असं तनूने बजावलंय.